फाल्गुनातली आखाजी

माझा धाकटा भाऊ रोज एक व्हिडिओ टाकायचा. कोरीटला आमच्या माहेरी आई चुलीवर रांधणार, अहिराणीत बोलणार आणि हा मोबाईल धरणार, एवढंच ते चॅनल. लोकांना आईचं बोलणं आवडलं, चॅनल चाललं आणि म्हातारपणी आईला नवी सासू मिळाली. आज शेवभाजी, उद्या कळण्याची भाकरी, परवा काय? अंगात ताप असला तरी पदर डोक्यावर घेऊन मोबाईलकडे बघून हसायचं.

मी प्रकाशा गावात दिलेली. फोनवर आईचा आवाज ओढलेला लागला की माझं डोकं फिरायचं. भावाला मी चांगलं फैलावर घेतलं.

"रोज नही टाकं ते लोके भुली जातस, ताई," तो म्हणाला.

विसरू देत म्हटलं. आठवड्यातून दोनच टाक, वार ठरवून टाक. एका दिवसात तीन-चार करून ठेवले की आई मधले दिवस मोकळी. सणाचे तर महिना-दोन महिने आधीच उरकून घे, निदान सणाला तरी तिला सुखानं जेवता येईल. हे सगळं शहाणपण माझंच. त्यानं कुरकुर करत मंगळवार आणि शनिवार ठरवले. दिवाळीनंतर आईची कंबर जरा सरळ झाली, दुपारची आडवी व्हायला लागली. लोकही काही विसरले नाहीत.

मग फाल्गुनात त्यानं मला न्यायला गाडी पाठवली. आखाजीचा, म्हणजे वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेचा, व्हिडिओ करायचा होता आणि माहेरवाशिणीशिवाय आखाजी कसली! मी आनंदानं गेले. बघते तर कडुनिंबाची पानं गळालेली, त्याच्या उघड्या फांदीला झोका बांधलेला. भाऊ सारखा सांगत होता, झोका उंच नेऊ नको, फांद्या दिसतात. आमरस बाटलीतला. आईनं मात्र खापरावरच्या पोळ्या खऱ्याच केल्या, तिला खोटं रांधता येत नाही. पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरायला सांगितल्यावर तर ती उखडलीच.

"पितर काय मोबाईलमा देखी ऱ्हायनात का? घागर आखाजीलेच भरसू!"

ती घागर राहिली. बाकी सगळं झालं. मी दोन साड्या बदलल्या, झोक्यावर बसून गाणी म्हटली, भावजयीच्या हातावर टाळी देऊन हसले आणि दिवस मावळायच्या आत त्याच गाडीनं परत आले. मजा आली होती, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणीला माहेरून मुराळी न्यायला येतो. मला भाऊच यायचा. वर्षभर मी सासरच्या घराची असते, पहाटेपासून कुणाला ना कुणाला माझ्याकडून काहीतरी हवं असतं. आखाजीच्या त्या चार दिवसांत आई मला हाक मारून उठवत नाही. मला माहेर म्हणजे तेवढंच. आणि कोरीट लांब नाही, तापीचा पूल ओलांडला की आलंच. पण आखाजीला मुराळ्याशिवाय एकटी बसमधून उतरलेली लेक सगळ्या गल्लीच्या तोंडी होते.

वैशाख लागला. मी पिशवी भरली, लोणच्याची बरणी बांधली, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवल्या. आदला दिवस गेला. आखाजीची सकाळ झाली तरी कुणाचा पत्ता नाही. सासूबाई मनानं वाईट नाहीत, पण त्यांनीही विचारलंच, "तुन्हा भाऊ उना नही का?" मी ऊन फार आहे म्हणाले. उन्हानं कधी कुणाचा भाऊ अडवलाय?

दुपारी पापड मागायला शेजारीण आली आणि मला बघून दारातच थांबली.

"अवो, तू ते माहेरले शे ना! आतेच मोबाईलमा देखं!"

तिनं दाखवलंही. मी झोक्यावर, अंगावर हिरवी साडी, दात दिसेपर्यंत हसणारी. खाली कुणीतरी लिहिलेलं, नशीबवान लेक. त्या हसणाऱ्या बाईचा मला इतका राग आला की मी मोबाईल शेजारणीच्या हातात जवळजवळ फेकलाच.

मी फोन लावला. आईनं उचलला. "बेटा, जेवनी का?" एवढंच विचारून तिनं भावाला हाक मारली. मला न्यायला कुणी आलं नाही हे तिला माहीत होतं आणि तिनं त्यावर काही केलं नव्हतं, हे त्या हाकेतच कळलं. मग फोन भावानं घेतला. मी रडतेय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"आखाजी ते हुई गई ना आपली, ताई," तो सहज म्हणाला. बायकांना माझा हेवा वाटतोय असं काहीतरी तो पुढं सांगत होता, लोक माझ्याबद्दल किती लिहितायत वगैरे. शेवटी म्हणाला, "नवरात्रना पहिले दिवाळीनं शूटिंग करनं शे. तवय गाडी धाडसू. चांगल्या साड्या संगे लई येजो."

मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर तेवढंही माहेर उरलं नसतं.