तीन विषय आणि एक कौल

बी.ए. झाल्यावर मुंबईला जाऊन एम.ए. कशात करायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मराठीचं काही वाचायला बसले की मराठीच घ्यावं असं वाटे, इतिहासाचं पुस्तक उघडलं की तोच आपला विषय, आणि समाजशास्त्राच्या मॅडम दिसल्या की सगळं सोडून त्यांच्या मागे जावं. डोक्याची नुसती भेळ झाली होती.

सल्ल्यांना दिवेआगरात तोटा नव्हता. आई म्हणे, इतिहास घे, सरकारी परीक्षा तरी देता येतील. आमच्या वाडीतल्या खोलीत उतरलेल्या पुण्याच्या बाईंनी मासे खाता खाता समाजशास्त्राला फार स्कोप असल्याचं सांगितलं. आत्याचा प्रश्न तर बिनतोड होता, "मराठी तुला येतंय की! दोन वर्सं शिकायचंय काय त्यात?" बाबा मात्र चकार शब्द काढत नव्हते. सुपाऱ्या सोलत बसत. मला त्यांचा रागच आला होता.

प्रवेशाचा शेवटचा दिवस उद्यावर येऊन ठेपला, तेव्हा मीच म्हटलं, देवीला कौल लावू. आमच्याकडे नवी विहीर, मुलीचं स्थळ, सगळं देवीला विचारून ठरतं, मग एम.ए.नं काय घोडं मारलं होतं? बाबा लगेच उठले.

देवळात गुरवकाकांनी देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी ऐटीत तिन्ही विषय सांगितले. काका माझ्याकडे बघतच राहिले.

"अगो, देवी व्हय की न्हाय तेवढं सांगते. तीन इषयांतला कुठला, ते ती कसं सांगनार?"

पदवी घेऊनही ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. आता एकाच विषयाचं विचारायचं, तर कुठल्या? मी तिथेही अडकले. तेवढ्यात मागून बाबा बोलले.

"इषयाचं ऱ्हाऊ दे. येवढंच इचार. पोर शिकून परत येल का?"

मी वळून पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, देवीकडे बघत होते. काकांनी गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काही हललं नाही. मग डावी पाकळी पडली.

"वाऱ्यानं पडली आसंल," काका घाईनं म्हणाले. "परत लावू?"

"नको. इचारलं ते इचारलं."

घरी येताना बाबा स्कूटर फार हळू चालवत होते. आता ते नको म्हणतील अशी मला भीती वाटत होती, आणि त्याहून मोठी भीती ही, की मीच नको म्हणेन. फाटकाशी उतरल्यावर ते म्हणाले, "आज काय ते ठरीव. उद्या पैल्या एष्टीनं निघू."

मी इतिहास घेतला. का, ते विचारू नका. मुंबईत कुणी विचारलं की मी दर वेळी वेगळं कारण सांगते. समाजशास्त्राचा वर्ग शेजारीच भरतो. त्या दारावरून जाताना अजून पाय रेंगाळतात.

सुट्टी लागली की मी मिळेल ती एसटी पकडून घरी येते. बाबा ओटीवरच असतात. हसून पुढे येतात, पिशवी घेतात आणि विचारतात, "परत कदी जानार?"

"आत्ताच आलेय ना, बाबा!"

"व्हय, आलीस खरी," ते म्हणतात, आणि पिशवी आत नेऊन ठेवतात.