भिंतीवरचं कंट्रोल पॅनल

कॉम्प्युटर क्लासमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. एक कीबोर्डच्या फटीतला कचरा आणि दुसरे किस्से. कीबोर्ड निदान उलटा करून झटकला की कचरा पडतो तरी. किस्से काही केल्या पडत नाहीत, उलट दर वर्षीची नवी बॅच त्यात भर घालून जाते.

डोंगरकडा गावातल्या आमच्या क्लासमध्ये मी आधी शिकायला गेले आणि मग तिथंच शिकवायला लागले. त्यामुळे माझ्याकडे दोन्ही बाजूंचा माल आहे! आणि खरं सांगू का, यातले निम्मे किस्से एकाच गोष्टीवरून झालेत. कॉम्प्युटरचं सेटिंग! कंपनी थोड्या थोड्या वर्षांनी ते इकडचं तिकडे करते आणि त्याचं बिल आमच्या नावावर फाटतं.

* * *

क्लास गायकवाड सरांचा. शर्ट इन केलेला, खिशात दोन पेनं, आणि आवाज असा की बाहेर रस्त्यावरचं माणूसही सरळ उभं राहावं. सुरुवातीच्या काळात लोडशेडिंगमुळं कॉम्प्युटर कमी आणि अंधारच जास्त असायचा. सरांनी त्यावर तोडगा काढला. गावातल्या उत्तम पेंटरला बोलावलं, स्क्रीनवर कंट्रोल पॅनल उघडून दाखवलं आणि म्हणाले, "जसंच्या तसं भिंतीवर काढ. लाइट गेली तरी क्लास थांबला न्हाई पाहिजे."

उत्तम पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या, जयंतीचे बोर्ड, ट्रॅक्टरमागची नावं, सगळं एकहाती करणारा माणूस. त्यानं ऑइल पेंटनं अख्खी भिंत रंगवली. माउसच्या खाली तर त्याची आतली लहान करडी खिडकीही काढली, पिवळं फोल्डर आणि वेगाच्या सरकपट्टीसकट. इतकं देखणं कंट्रोल पॅनल कंपनीनंही कधी काढलं नसेल! फक्त सवयीप्रमाणं खाली उजव्या कोपऱ्यात त्यानं ब्रशचं चित्र काढलं आणि त्याखाली लिहून टाकलं, 'उत्तम आर्ट्स'.

पहिल्याच परीक्षेत प्रश्न आला: कंट्रोल पॅनलमधल्या पाच आयकॉनची नावं लिहा. एका पोरानं लिहिलं: डिस्प्ले, माउस, कीबोर्ड, प्रिंटर, उत्तम आर्ट्स.

सरांनी मार्क कापले. पोरगं रडकुंडीला आलं. "सर, भिंतीवर हाय की! फक्त आमच्या मामाच्या कॉम्प्युटरमधी न्हाई दिसून राहिलं."

ही गोष्ट उत्तमच्या कानावर गेली. तो शांतपणे म्हणाला, "मामाला म्हणाव, ओरिजिनल घे!"

* * *

भिंतीवर शिकायचं म्हणजे क्लिक कसं करायचं? सरांचा नियम ठरलेला. बोटानं एकदा टक केलं की सिंगल क्लिक, दोनदा टकटक म्हणजे डबल क्लिक, आणि राइट क्लिक म्हणजे तळहाताची थाप. बॅच मोठी असली की असा दणका उठायचा की पलीकडचा किराणावाला धावत यायचा. "सर, तुमचं शिक्षण बराबर हाय, पण माझ्या फळीवरचे डबे हालून राहिले!"

डिस्प्लेचा तर पोपडाच निघाला. सगळ्यात जास्त थापा त्यालाच बसायच्या.

यातून एक वाईट खोड लागली. लाइट आली, कॉम्प्युटर चालू झाला, तरी पोरं माउस सोडून काचेवर टकटक करायची. मी शिकवायला लागल्यावर माझा अर्धा घसा "काच आहे ती, दार नव्हे!" यातच गेला.

एकदा सिद्धेश्वरच्या धरणावर नोकरीला असलेले एक साहेब मराठी टायपिंग बसवून घ्यायला नवाकोरा लॅपटॉप घेऊन आले. मी वायर शोधतेय तोवर आमच्या एका पोरीनं सवयीनं त्याच्या काचेवर टकटक केलं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. फोल्डर उघडलं होतं! टचस्क्रीन आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

सर खुर्चीतून उठले, चष्मा नीट केला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मी काय सांगत होतो? कंपनीच्या ध्यानात उशिरा आलं, एवढंच!"

* * *

मग विंडोजची अशी एक आवृत्ती आली की कंट्रोल पॅनल उघडलं तर ओळखीचे आयकॉन गायब. सगळ्यांची गटवारी करून वर मोठाली नावं दिलेली. सरांनी एक दिवस ते बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून क्लासचा पहिला धडा बदलला. नवीन पोरगं आलं की त्याला कॉम्प्युटर चालू करायला शिकवायचं आणि लगेच जुनी मांडणी परत कशी आणायची ते शिकवायचं.

एक बाप वैतागून म्हणाला, "सर, आमी लेकरू पुढं जावं म्हणून क्लास लावला. तुमी पहिल्याच दिवशी त्याला मागं काहून नेऊन राहिले?"

सर म्हणाले, "पुढं जाईल की! आधी ओळखीच्या घरी तर पोचू द्या त्याला!"

* * *

आता कमलताई. क्लाससमोरच्या शाळेत त्या शिपाई. नवरा त्याच शाळेत होता, तो गेल्यावर त्याच्या जागी लागल्या. सकाळी शाळा उघडायच्या आधी आमचा क्लासही त्याच झाडायच्या. झाडून झालं की ओलं फडकं घेऊन भिंतीवरचा एकेक आयकॉन पुसायच्या. देवघरातली भांडी पुसावीत तसं, कोपऱ्याकोपऱ्यातून. कॉम्प्युटरला हात लावायच्या कितीतरी आधीपासून प्रिंटर कुठं आणि माउस कुठं हे त्यांच्या हाताला पाठ होतं.

शाळेतला क्लार्क रिटायर होणार होता. संस्थेनं कमलताईंना सांगितलं की कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट आणा, खुर्ची तुमची. नाही आणलं तर बाहेरून माणूस घेऊ. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, घंटा वाजवून वाजवून खांदा गेला माझा. एकदा खुर्चीत बसून ती घंटा ऐकायची हाय मला."

मी त्यांना जीव तोडून शिकवलं. परीक्षा आमच्याच क्लासात होती, पण ऐन वेळी मशीन नवीन आली होती आणि त्यात कंट्रोल पॅनलच्या जागी पुढं नुसतं 'सेटिंग' नावाचं नवंच पान. कमलताई चाचपडत चाचपडत आत शिरल्या आणि कुठं बोट पडलं कोण जाणे, स्क्रीनचा रंग बदलून सगळं काळंकुट्ट झालं.

"गेली लाइट!" कमलताई म्हणाल्या. उठल्या आणि क्लासच्या शिस्तीप्रमाणं सरळ भिंतीपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

वर पंखा फिरत होता. शेजारची पोरं टायपिंग करत होती. परीक्षक म्हणाले, "बाई, जागेवर बसा." कमलताईंनी त्यांनाच समजावलं, "लाइट येऊस्तोवर हितंच करायचं असतंय साहेब, तुमी नवीन दिसता!" आणि माउसच्या चित्रावर टकटक केलं.

नापास! घरी जाऊन मी आईला हे सांगताना हसत होते, आणि सांगून झाल्यावर मला इतकं वाईट वाटलं की जेवण गेलं नाही. संस्थेनं त्यांना आणखी एकच संधी दिली.

* * *

या प्रकारानंतर सर हादरले. नवीन सेटिंगही भिंतीवर पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. उत्तम पेंटर ब्रशांचा डबा घेऊन आला आणि स्क्रीनकडे बघतच राहिला. "सर, ह्याच्यात काढायला ठेवलंच काय? नुसत्या रेघा अन् गोल बटणं!" जुन्या भिंतीला त्याला आठवडा लागला होता. ही भिंत त्यानं चहा यायच्या आत संपवली.

मग दोन्ही भिंतींकडे बघून त्यानं विचारलं, "एकाच घराचे दोन दरवाजे काहून?"

सर म्हणाले, "काही गोष्टी नव्यात गेल्या, काही जुन्यातच राहिल्या."

"म्हंजे भावाभावांच्या वाटण्या झाल्या म्हणा की! प्रिंटर कोणाकडं?"

"दोन्हीकडं आहे."

उत्तमनं ब्रश रॉकेलमध्ये बुडवला. "मंग भांडण न्हाई मिटत, सर."

* * *

त्याच्या पुढच्या आवृत्तीत तर कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण उचलून मधोमध आणून ठेवलं. उत्तमला पुन्हा बोलावणं गेलं. तो शिडीवर चढला, कोपऱ्यातलं बटण चुन्यानं पुसलं आणि मध्ये नवीन काढलं. रंग वाळला नाही तोच सरांना शोध लागला की सेटिंगमध्ये जाऊन ते परत कोपऱ्यात नेता येतं.

उत्तम दुसऱ्या दिवशी पुन्हा शिडीवर. कोपऱ्यात पुन्हा बटण काढलं. मधलं पुसायला गेला तर सर म्हणाले, "राहू दे, परीक्षेत मध्येच असतंय."

उत्तम शिडीवरूनच म्हणाला, "सर, त्या कंपनीला एक फोन लावा. म्हणाव, एकदा घरात बसून ठरवा काय ते. आमाला शिडी झेपून न्हाई राहिली!"

* * *

कमलताईंची दुसरी परीक्षा. या वेळी परीक्षक वेगळे होते, तोंडावरची रेघही न हलवणारे. आत आले, भिंती बघितल्या आणि दारातच थांबले.

"हे काय आहे?"

"भिंत आहे साहेब," सर म्हणाले.

"ही उघड उघड कॉपी आहे. झाका!"

एवढी मोठी कॉपी झाकायची कशानं? सतरंज्या काढल्या. कमी पडल्या म्हणून उत्तमच्या दुकानातून जुने फ्लेक्स आणले आणि उलटे करून खिळ्यांना बांधले. भिंती दिसेनाशा झाल्या आणि कमलताईंचा चेहरा पडला. मी दारात उभी होते. चकार शब्द काढला तरी केंद्र रद्द होईल, असं मला बजावलेलं होतं.

टायपिंग झालं, फाइल सेव्ह झाली, प्रिंट निघाली. सगळं कसंबसं काठावर. शेवटी एकच प्रश्न राहिला आणि पास-नापास त्याच्यावर येऊन अडकलं. परीक्षकांनी तो मोठ्यानं वाचला. "माउसच्या डबल क्लिकचा वेग कमी करून दाखवा."

नव्या सेटिंगमध्ये माउसचं पान आहे आणि त्यावर बाकी सगळं आहे, फक्त हेच नाही. कंपनीनं एवढं घर हलवलं, पण ही एक खिडकी अजून जुन्या घरातच राहिली आहे. तिच्याकडे जायला त्या पानावर बारीक अक्षरांतली एक ओळ तेवढी आहे.

कमलताई सेटिंगमध्ये शिरल्या. माउसच्या पानावर गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. कमलताईंनी एकदा सतरंजी लावलेल्या भिंतीकडे मान वळवली. परीक्षक लगेच त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये येऊन उभे राहिले. सर बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. मी पदराचं टोक मुठीत धरून मनातल्या मनात ओरडत होते, "खाली बघा ताई, खाली!"

कमलताईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि पानावरची एकेक ओळ बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. वरून खाली, हळूहळू. बोट त्या बारीक अक्षरांपाशी थांबलं. त्यांनी माउस तिथं नेला आणि क्लिक केलं.

स्क्रीनच्या मधोमध एक लहानशी, जुनाट, करड्या रंगाची खिडकी उघडली. एका बाजूला पिवळं फोल्डर आणि त्याच्याजवळ वेगाची सरकपट्टी. उत्तमनं भिंतीवर माउसच्या खाली काढली होती ना, हुबेहूब तीच!

कमलताईंनी हातातला माउस सोडला. दोन्ही हात गालांवर गेले.

"अगं माय! तू हितं हाईस व्हय!"

सगळा क्लास वळून बघायला लागला. परीक्षक ताडताड चालत आले. "बाई! परीक्षेत कोणाशी बोलताय?"

कमलताईंनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. डोळे भरून आले होते. त्यांनी माउस पुन्हा हातात घेतला, सरकपट्टी हळूच मागं ओढली आणि म्हणाल्या,

"माहेरचं माणूस भेटलं, साहेब. जरा बोलू द्या!"