कोळवणच्या विमानात वाजलेली बेल

पंचवीस वर्षं मी विमानात नोकरी केली. हेलकावे बसायला लागले की कुणीतरी जप सुरू करायचं आणि मी ट्रॉली धरून गालात हसायचे. असलं काही मी कधीच मानलं नाही. म्हणून हे लिहिताना मलाच अवघड जातंय... पण घडलं ते घडलं.

आमची एअरलाईन छोटी. सुरुवातीला दोन पंख्यांचं, भाड्यानं घेतलेलं एकच विमान – सकाळी पुण्याहून निघायचं, तीन गावं करून संध्याकाळी परत. मी पहिल्या बॅचची एअरहोस्टेस. माणसं कमी पडली की बॅगा आम्हीच चढवायचो, कॅप्टनसुद्धा. आज कंपनीची जेट विमानं देशभर जातात. गेल्या हिवाळ्यात कंपनीनं आपला इतिहास छापायचं ठरवलं आणि सुरुवातीच्या दिवसांचं प्रकरण लिहायचं काम माझ्याकडे आलं.

ते पहिलं विमान भंगारात निघालं तेव्हा मुळशीतल्या कोळवणच्या बबनरावांनी त्याचा सांगाडा विकत घेतला होता. पंख कापून, ट्रेलरवरून आणून भातखाचराच्या कडेला ठेवलेला. पुण्याच्या लोकांना राहायला द्यायचा त्यांचा विचार. फोटो काढायला मी गेले, सोबत आमचे पहिले इंजिनिअर शिरसाट. वय सत्तरच्या पुढे.

दुपारचे बारा वाजले होते. लख्ख ऊन. आत पुढच्या सहा रांगा अजून तशाच होत्या.

"नीलिमा, पहिल्या दिवशी अकरा पॅसेंजर होते," सीटवरून हात फिरवत शिरसाट म्हणाले. "मला वाटलं, महिनाभरसुद्धा टिकत नाही ही कंपनी."

मग आम्ही खाली उतरलो. "शेपूट बघून येतो," म्हणून ते मागे गेले. बबनरावांच्या बायकोनं, सुमनताईंनी, चहा आणला होता. तो घेत आम्ही तिघं सावलीत बोलत बसलो. मागच्या दारानं शिरसाट पुन्हा आत शिरलेत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि आतून बेल वाजली. टिंग – एकदाच. पॅसेंजर बोलावतो ती.

मी कप ठेवून आत गेले. विचार केलाच नाही, पाय सवयीनं निघाले. पाचव्या रांगेवरचा केशरी दिवा लागला होता. खाली दोन सीटांच्या मधे शिरसाट पडलेले. शर्ट घामानं भिजलेला, ओठ काळसर.

मी हाक मारली तसे बबनराव धावत आले. "ताई, पाय धरा, मी खांदं धरतो. जीप हितंच हाय."

उचलताना मी वर पाहिलं. दिवा विझला होता.

हार्ट अॅटॅक होता. पिरंगुटच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

चार दिवसांनी राहिलेला कॅमेरा आणायला मी कोळवणला गेले. बेल अजून चालते कशी, असं सहज विचारलं. बबनराव मला आत घेऊन गेले आणि पाचव्या रांगेवरचं झाकण त्यांनी उघडून दाखवलं.

"बघा. वायर न्हाई, बल्ब न्हाई. भंगारवाल्यानं तांबं आदीच काढून न्हेलंय."

"पण मी ऐकली ना..."

"मीबी ऐकली की," सुमनताई म्हणाल्या. "मला वाटलं तुमचा मोबाईल हाय."

माझा मोबाईल गाडीत होता. मी तिथल्याच सीटवर बसले.

तिथून थेट हॉस्पिटलमध्ये गेले आणि शिरसाटांना विचारलं.

"बटण? मी कुठलंही बटण दाबलं नाही," ते म्हणाले. "छातीत कळ आली, पुढचं काही आठवत नाही."

मग मी त्यांना उघडलेल्या झाकणाचं सांगितलं. त्यांनी कागद मागितला. विमानातल्या प्रत्येक बिघाडाची नोंद करायची, पुढे कारण लिहायचं, खाली सही – जन्मभर हेच केलेला माणूस. त्यांनी लिहिलं: 'पाचवी रांग. वीज नसताना बेल वाजली, दिवा लागला. कारण –'

पेन तिथंच थांबलं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

शेवटी त्यांनी जागा कोरी सोडली आणि खाली सही केली. तो कागद माझ्याकडे आहे. त्या कोऱ्या जागेत काय लिहावं, हे मला अजूनही कळलेलं नाही.