चार पायांची गिटार आणि अनंत सबनीस

आमच्या अनंत सबनीसला गिटारी विकत घ्यायचा नाद होता आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मग घेतोस कशाला बाबा, असं मी त्याला कित्येकदा विचारलं. तो नुसता हसायचा. त्या हसण्याने माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं.

मी ज्योतीराम, पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर. सबनीस आमच्याच खात्यात इन्स्पेक्टर. मी लेथवर लोखंड कातून काढलेला जॉब तो दिवसा मायक्रोमीटर लावून नापास करायचा आणि संध्याकाळी माझ्याच घरी येऊन चहा प्यायचा, कारण कासारवाडीला आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. पिंपरीत तेव्हा कंपन्यांवर कंपन्या उभ्या राहत होत्या, जिल्ह्याजिल्ह्यातून माणसं येऊन पडली होती. शिफ्ट सुटली की कुणी पत्ते कुटायचं, कुणी कबुतरं उडवायचं. ह्याला हे सुचलं.

गिटार तरी सरळ असावी की नाही? ही आडवी. मांडीवर पाटासारखी ठेवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या, डाव्या हातात स्टीलची आखूड जाड कांडी धरायची आणि ती तारांवरून सरकवत न्यायची. सूर लांबत जातो, गळा भरून आल्यासारखा. रेडिओवर सिनेमाची गाणी या गिटारीवर लागायची, हवाईयन म्हणायचे तिला. शिकलेल्या घरांत मुलींना ती शिकवायचं तेव्हा फॅडच होतं. त्रेसष्ट साली सबनीस पुण्याला मुलगी बघायला गेला, तेव्हा पोहे झाल्यावर मुलीने एक गाणं वाजवून दाखवलं. त्याच आमच्या मृदुलावहिनी. सासऱ्यांनी काय विचारलं, ह्याने काय उत्तर दिलं, त्याला काही आठवत नाही. गाणं तेवढं डोक्यात घुसून बसलं. लग्न झालं, वहिनी कासारवाडीला आल्या, पण गिटार आली नाही. ती क्लासच्या मास्तरांची होती, त्यांच्याकडे परत गेली.

मग सबनीसने पहिली गिटार आणली. जुन्या बाजारातली, कलकत्त्याला बनलेली, पोकळ लाकडाची. त्याची इच्छा एकच: बायकोने पुन्हा एकदा वाजवावं आणि आपण समोर बसून ऐकावं. वहिनींनी गिटार मांडीवर घेतली, एका तारेला बोट लावलं आणि म्हणाल्या, "हिची मान वाकलीय हो."

झालं. सबनीस दुसरी शोधायला निघाला.

खडकी आणि देहूरोडला लष्कराच्या आसऱ्याने राहिलेली ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन कुटुंबं तेव्हा एकेक करून परदेशी निघाली होती. घर मोडलं की त्यांच्याकडून पलंग, आरसे, कपाटं निघायची आणि मधूनच एखादी आडवी गिटार. सबनीसने तिथल्या बेकरीवाल्याला, पोस्टमनला, चर्चच्या माळ्याला सांगून ठेवलं होतं. निरोप आला की हा रविवारी सायकल काढायचा आणि संध्याकाळी पाठीला काहीतरी लांबडं बांधून परत यायचा. विजेवरची आणली, तर वहिनी म्हणाल्या, हिला आवाजाची पेटी लागते. पेटी आणली, ती निघाली अमेरिकेच्या निम्म्या दाबाच्या विजेवर चालणारी. सबनीसने ती खुशाल भिंतीतल्या प्लगला लावली आणि सगळी चाळ अंधारात बुडाली, जळका वास बरेच दिवस राहिला. आठ तारांची आणली, तर म्हणाल्या, मी सहावर शिकले. सहाची आणली, तर तारा गंजलेल्या. तारा बदलल्या, तर कांडी जड. आता ही कांडी लेथवर कोण काढून देणार? मीच. जड म्हणाल्या म्हणून पोकळ काढली, हलकी म्हणाल्या म्हणून मधली काढली. शेवटी सगळ्या चाळीत लसूण ठेचायला माझ्याच कांड्या होत्या.

खोड काढताना वहिनी कधी चिडायच्या नाहीत. नव्या गिटारीला हळदकुंकू लावायच्या, जुन्या लुगड्यात गुंडाळायच्या आणि पलंगाखाली सरकवायच्या. पलंग विटांवर चढवला, विटांवर आणखी विटा चढवल्या, तेव्हा पाहुणे स्टुलावर पाय देऊन निजायला जाऊ लागले.

चौऱ्याहत्तर साली त्याला देहूरोडच्या एका म्हातारीकडे ती मिळाली. ही मांडीवर मावणारी नव्हतीच. एका भल्यामोठ्या फळीवर दोन गिटारी शेजारीशेजारी बसवलेल्या आणि खाली चार पाय. म्हणजे चारची सोय, पाय तीनच, चौथा म्हातारीच्या नवऱ्याने कधी कुत्र्याला फेकून मारला होता. म्हातारी दुसऱ्या आठवड्यात ऑस्ट्रेलियाला गेली. सबनीसने गिटार लोणावळ्याच्या पॅसेंजरने आणली, तर लोकांनी तिच्यावर डबे ठेवून जेवून घेतलं.

"ज्योतीराम, एवढा एक पाय करून दे," तो मला म्हणाला. "हिच्यात खोड निघणार नाही बघ. ही वाजवायला मान लागत नाही, मांडी लागत नाही, काही लागत नाही."

पाय करायचा तर आटे जुळायला गिटार कंपनीत न्यायला हवी. गेटवर एवढं धूड आत घ्यायचं तर चिठ्ठ्या, सह्या, कटकट. त्यातून सबनीसने शक्कल काढली. खंडेनवमीला कंपनीत हत्यारांची पूजा असते, यंत्रं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात, कामगारांच्या बायकापोरांना त्या एका दिवशी आत सोडतात. त्या गर्दीत सबनीस गिटार डोक्यावर घेऊन सरळ आत आला. गेटवाल्याला म्हणाला, पूजेला आणलीय. गेटवाल्याने तिला नमस्कार केला.

पण खंडेनवमीला यंत्र चालवत नाहीत, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. गिटार माझ्या लेथशेजारी राहिली. कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी मी तिला चौथा पाय बसवला, अगदी झोकात उभी राहिली. आणि दुपारी मी जेवायला गेलो असताना वर्षाची मोजदाद करणारी टोळी रंगाचे डबे घेऊन आली. त्यांना हुकूम असा, की चार पायांवर उभं असलेलं आणि नंबर नसलेलं जे दिसेल त्याला नंबर टाका. परत येऊन बघतो तर गिटार हिरवी. कंपनीच्या सगळ्या यंत्रांना असतो तोच हिरवा, बाजूला पांढऱ्या अक्षरात नंबर. तारा तेवढ्या सोडल्या होत्या, रंगाऱ्याला त्या नाजूक वाटल्या म्हणे.

सबनीसने डोक्याला हात लावला. गेटवर गेला, तर गेटवाला म्हणाला, नंबर पडलेलं यंत्र बाहेर जात नसतं. मग तो गेला वर्क्स मॅनेजर नानासाहेबांकडे, मीही मागे.

"ही तुमची, याचा पुरावा?" नानासाहेबांनी विचारलं.

"एका म्हातारीकडून घेतली, साहेब."

"म्हातारी कुठे आहे?"

"ऑस्ट्रेलियात."

नानासाहेब वाईट माणूस नव्हते, नियमाचे होते. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि तोड काढली. ती यंत्र नसून वाद्य आहे असं सिद्ध झालं तर कंपनीचा तिच्यावर हक्क राहत नाही, कारण कंपनी गिअर बनवते, गाणी बनवत नाही. तेव्हा कुणीतरी ती सगळ्यांसमोर वाजवून दाखवावी आणि घेऊन जावी.

"माझी बायको वाजवेल," सबनीस म्हणाला. हे बोलताना त्याचा चेहरा असा फुलला की मी समजलो. ह्याला गिटार सुटण्याची पडलेलीच नव्हती. वहिनींना आता खोड काढायला जागा उरली नाही, ह्याचाच आनंद झाला होता गड्याला.

फक्त बाहेरच्या बाईला कंपनीत यायला वाट एकच, पुढची खंडेनवमी. म्हणजे वर्षभर गिटार आमच्या खात्यात नांदली. शनिवारी ऑइलमन तिच्या खुंट्यांना ग्रीस घालायचा. सेफ्टीवाल्यांनी तारांत कुणाचं बोट जाऊ नये म्हणून वर जाळी बसवली. नंबर होता म्हणून रोजचा रिपोर्ट लागायचा, तर फोरमन बिचारा लिहायचा: यंत्र बंद, कारण ऑपरेटर नाही. पुढे वरून विचारणा झाली, ऑपरेटर का नाही? एका नव्या पोराला तिच्यावर नेमलं. तो दिवसभर तिच्यापुढे हाताची घडी घालून उभा राहायचा आणि महिनाअखेर त्याला नीट काम केल्याबद्दल कायम केलं. मला कायम व्हायला सात वर्षं लागली होती, जाऊ द्या.

सबनीस रोज जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ बसून डबा खायचा. वहिनींना मात्र तो रोज सांगायचा, आता एवढे महिने राहिले, आता एवढे आठवडे. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. वहिनींचं लाटणं तेवढं जोरात चालायचं.

खंडेनवमी उजाडली आणि युनियनचा कोंडाजी आडवा आला. त्याचं म्हणणं, आज हत्यार चालवायचं नाही. मी म्हणालो, ते हत्यार नाहीच, वाद्य आहे. कोंडाजी म्हणाला, वाद्य आहे हे कुठं ठरलंय? ते वाजवल्यावर ठरणार, आणि ठरल्याशिवाय वाजवता येणार न्हाई. मी त्याच्या अंगावर धावून गेलो, लोकांनी धरलं. शेवटी पूजेच्या गुरुजींनीच सोडवलं. त्यांना आणखी दोन कंपन्या करायच्या होत्या. म्हणाले, फूल वाहिल्यावर हत्यार विश्रांतीला जातं, तेव्हा हिला फूल शेवटी वाहू, त्याआधी काय ते उरका.

जाळी काढली. सबनीसची ती जळकी आवाजाची पेटी इलेक्ट्रिकल खात्याने दुरुस्त करून तिला ट्रान्सफॉर्मर करून दिला होता, तो लावला. सगळं खातं, बायकापोरं, नानासाहेब, झेंडूचे ढीग, पेढ्यांची परात, असे सगळे गोल उभे. वहिनी नारायणपेठ नेसून स्टुलावर बसल्या. मी हातात कांडी दिली, सगळ्यांत चांगली, आरशासारखी पॉलिश केलेली. सबनीस अगदी समोर, मांडी घालून, जमिनीवर.

वहिनींनी कांडी तारांवर ठेवली. पेटीतून नुसतं घूं झालं. त्यांनी कांडी उचलली.

"मला येत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे कांडी जड आहे का?" सबनीस म्हणाला.

"नाही हो. गिटारच येत नाही. बघायला येतील त्यांच्यापुढे वाजवायला बाबांनी एक गाणं घोटून घेतलं होतं, तेवढंच. तुमच्याआधी पाच घरांना तेच ऐकवलं. लग्न ठरलं आणि क्लास बंद झाला. आता तेही विसरले."

सबनीसच्या तोंडाकडे बघवेना. मला वहिनींचा राग आला, खोटं कशाला सांगू.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" तो हळू म्हणाला.

"आधी लाज वाटायची. मग... तुम्ही नवी घेऊन यायचात ना, दारातून आत येताना कसे हसत यायचात. मी खोड काढली की पुन्हा शोधायला जायचात, पुन्हा तसेच हसत यायचात. खरं सांगितलं असतं तर ते संपलं असतं."

सबनीस उठला, पँट झटकली आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धूत राहिला. बराच वेळ धूत राहिला. इकडे नानासाहेबांनी निकाल दिला. वाद्य असल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणजे यंत्रच. आणि सगळ्यांसमोर चाललं नाही, म्हणजे नादुरुस्त. गुरुजींनी फूल वाहिलं आणि रंगाऱ्याने नंबरवर लाल फुली मारली.

दिवाळीनंतर भंगार उचललं, त्यात ती गेली. सबनीसने चौकशीसुद्धा केली नाही. बेकरीवाल्याचा निरोप आला, तर सायकल पंक्चर आहे म्हणाला, आणि ती पंक्चर नव्हती. माझे जॉब सटासट पास करायला लागला. एवढा मोठा धक्का बसलेला माणूस मी पाहिला नव्हता. मलाच भीती वाटायला लागली.

एका रविवारी वहिनी माझ्या दारात. "भावजी, भंगारवाला कुठे बसतो?"

मोशीच्या रस्त्यावर मालोजी नावाच्या भंगारवाल्याचं आवार होतं, तिथे घेऊन गेलो. गिटार पत्र्यांच्या ढिगात पालथी पडली होती. वहिनींनी पदर खोचला, तिला सुलट केली आणि एकेक खुंटी फिरवून बघितली. मालोजीने विचारलं, हे यंत्र करतं काय? वहिनी म्हणाल्या, ते घरी नेऊन बघायचंय. मग भेंडी घेताना करतात तशी घासाघीस करून, स्वतःच्या पैशांनी, ती गिटार त्यांनी विकत घेतली. बैलगाडीतून कासारवाडीला आणली.

सबनीस ओट्यावर दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला साबण तसाच.

"ही माझी आहे," वहिनी त्याला म्हणाल्या. "आता मला शिकायचंय, पहिल्यापासून. तुम्ही ऐकायला समोर बसायचं नाही, मला सुचत नाही." आणि त्याला बाहेर ठेवून दार लावून घेतलं.

मी आणि तो ओट्यावर बसलो. आतून पेटीचं घूं झालं आणि सुरुवात झाली. काय सांगू, पत्र्यावरून घमेलं ओढावं तसा आवाज. मग थांबून पुन्हा तेच. शेजारच्या छबूबाईने खिडकी आपटून लावली. मी दात आवळून बसलो होतो, तर सबनीस डोळे मिटून.

"ज्योतीराम, खरं सांग. कसं वाजवतेय?"

"खरं सांगू? भिकार."

"हो ना," तो म्हणाला, आणि ढसाढसा रडायला लागला, साबणासकट. मी उठायला लागलो तर त्याने माझा सदरा धरून खाली बसवलं.

"थांब की जरा," तो म्हणाला. "आत्ताशी तर सुरू केलंय तिने."