खिंडीतल्या वीरांची भाकरी

तवा आमी चौघं हुतो. मी, माझी धाकटी जाऊ आक्काताई, लेक बाळू आनि सून सुनंदा. (हे लिवून घेतीया सुनंदाच, बोलतोय मी.) पन्हाळ्याकडनं विशाळगडाला जाताना पावनखिंड लागती, तिथं जाऊन आमी एका संडासाला दंडवत घातला.

मालक हुते तवर दर पावसाळ्यात पन्हाळ्याहून खिंडीपतूर चालत जायाचे. माझ्या हातची भाकरी न्यायाचे आनि पयला घास खिंडीत ठिवायचे. म्हनायचे, "ती मानसं रातभर पळून, उपाशीपोटी लढून मेली. आपुन आदी कसं खायाचं?" मला म्हनायचे, "फुडल्या साली तुलाबी नेतो." त्यांचं फुडलं साल काय आलं न्हाय. मालक गेले, तसा तो घासबी थांबला. मग मीच निघालो. गुडघं म्हनत हुतं जाऊ नको. म्हनलं, तुमास्नी इचारलंय कुनी?

बाळू गाडी लावाय गेला. सुनंदा फोनला रेंज हुडकत हुती. आमी दोघी जावा फुडं. बघतो तर झाडाखाली काळा दगड उभा. झेंडूचा हार, हळदीकुक्कू, म्होरं नारळ फोडल्याला. वर अक्षरं कोरल्याली. (अक्षरांची न् माझी वळख न्हाय. शाळंच्या वयात मी म्हशीमागं हुतो.)

"हीच ती जागा. चपला काढ," मी म्हनलं.

"तुला कुनी सांगितलं?" आक्काताई म्हनली.

"हार दिसत न्हाय व्हय तुला?"

इतक्या सालांचा खाडा पडल्याला, म्हनून एका घासावर भागवलं न्हाय. भाकऱ्या, खर्डा, कांदा, सगळं वाढलं. तेवढ्यात गाडी भरून पावणं उतरलं.

"आजी, हितं काय हाय?" एका बाईनं इचारलं.

"आदी पाया पडा, मग सांगतो."

पडली की सगळी रांगंनं! एकानं तर नवसबी बोलला.

मग बाळू आला. त्यानं दगड वाचला. परत वाचला.

"आई, ह्यो भूमिपूजनाचा दगड हाय. हितं संडास बांधनार हाईत."

पावण्यांनी आपापली पोरं उचलली. नवस बोलल्याला मानूस तेवढा थांबला. "आजी, नवस मागं घेता येतोय काय?"

आक्काताई म्हनली, "उचल की भाकऱ्या. अजून बांधला कुठं हाय?"

"संडासाचा निवद वीरांस्नी देऊ?"

आमचं भांडान मिटायच्या आत कुत्र्यानं भाकऱ्यांचा निकाल लावला.

बाळू म्हनला, "चल आई माघारी. खरी खिंड खाली हाय, पायऱ्या लई उभ्या हाईत. फुडल्या साली येऊ."

फुडल्या साली म्हनला आनि माझं डोस्कं फिरलं. "ते साल तुझ्या बापालाबी गावलं न्हाय. मी खाली जानार."

"रिकाम्या हातानं?"

तवा आक्काताईनं गपचिप कमरंची पुरचुंडी सोडली. आत अर्धी भाकरी. (घरनं निघताना "मला भूकच न्हाय" म्हनल्याली बाई ही!)

"घे," म्हनली. "वाटंत लागली तर म्हनून ठिवल्याली."

पायऱ्या मी बसून बसून उतरलो. सुनंदा फुडं, बाळू मागं, आनि आक्काताई वरनं हुकूम सोडाय. खाली गार वारं, पान्याचा आवाज. दगडावर घास ठिवला. म्हनलं, "मालक, ह्या साली मीच आलो. भाकरी आक्काची हाय, जरा जाड हाय. चालवून घ्या."

डोळं पुसून वर आलो, तर दुसऱ्याच गाडीतली मानसं त्या दगडाला नारळ फोडत हुती. बाळू सांगाय गेला.

"गप रं," त्यातला एक म्हातारा म्हनला. "जागृत ठिकान हाय. आत्ताच देव कुत्र्याच्या रूपात निवद खाऊन गेला म्हनं."

तर पावणं, खिंडीत येनार असाल तर संगं पानी घ्या, उजेड हाय तवर खाली उतरा, आनि एक घास तिथं ठिवा. एवढीच इनंती. आनि वाटंत कोन म्हातारी ठसक्यात "पाया पडा" म्हनली, तर आदी दगडावरलं वाचून घ्या.