रूथआत्याची फिरायची वेळ

रूथआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात होते. आतोबा एवढंच म्हणाले, "झोपेतच गेली गं... अगदी शांत." फोन ठेवल्यावर मला सगळ्यात आधी काय आठवलं असेल, तर बकऱ्याची फुफ्फुसं!

आत्या दिल्लीतल्या एका मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायची. लहानपणी मला दमा होता. धाप लागली की मी घाबरून भराभर हवा ओढायची. आत्या समोर बसून म्हणायची, "आत घ्यायची घाई नको. आधी सोड. भरलेल्या खोलीत नवे पाहुणे शिरणार कुठून?" मग ओठांचा चंबू करून आम्ही दोघी सावकाश श्वास सोडायचो. एका रविवारी चर्चहून येताना तिनं खाटकाकडून फुफ्फुसं आणली. आजी लगेच मसाला वाटायला बसली. "आई, हे खायचं नाही, हिला दाखवायचंय!" बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून तिनं श्वासनळीत सायकलचा पंप बसवला, आणि तो मलूल लोळागोळा माझ्या डोळ्यांदेखत गुलाबी होत फुगला. मी टाळ्या पिटल्या. "थांब," ती म्हणाली, "हवा आत गेली म्हणजे काम झालं असं नाही. आत बारीक बारीक फुगे असतात, त्यांना लागून रक्त वाहतं. मधल्या पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. खरी देवघेव तिथं." माझी भीती त्या दिवशी निम्मी झाली... आत काय चाललंय ते कळलं होतं ना.

निवृत्तीनंतर ती नोएडात राहायला गेली, आणि नेमकी तीच भिंत तिच्या फुफ्फुसांत जाड होऊ लागली. फायब्रोसिस. एखाद्या विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसा स्वतःचा रिपोर्ट वाचून तिनं आम्हाला समजावला. एकदाच, खिडकीकडे बघत म्हणाली, "इतकी वर्षं शिकवलं गं, पण ते असं जाणवतं हे ठाऊक नव्हतं." मी तिचा हात धरला. थोड्या वेळानं तिनंच तो सोडवून घेतला. "चलो, चहा टाक."

हवा बरी असेल त्या संध्याकाळी ती नाकाला नळी लावून, छोटा सिलिंडर ओढत सोसायटीच्या बागेत फिरायची. समोरच्या फ्लॅटमधल्या सक्सेनाजींची फुफ्फुसं सिगरेटींनी गेलेली. नळी लावून लोकांत यायची त्यांना लाज वाटे, म्हणून ते घरातच कोंडून घेत. एकदा आत्यानं त्यांची बेल वाजवली.

"सक्सेनाजी, चश्मा लगाकर बाहर आते हैं न?"

"जी, बिल्कुल."

"शर्म आती है?"

"चश्मे में कैसी शर्म?"

"तो नली में कैसी? चलिए."

ते आले. पहिल्या दिवशी लिफ्टपर्यंत, मग गेटपर्यंत, मग बागेत. दर बाकावर टेकत, राजकारणावर भांडत, हसत...

प्रार्थनासभा झाल्यापासून आतोबा घराबाहेर पडले नव्हते. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे होते. संध्याकाळी बेल वाजली. दारात सक्सेनाजी. "भाईसाहब, मैडम का टाइम हो गया. चलिए." आतोबांनी वाकून बूट चढवले. "दार लोटून घे गं. येतो आम्ही फिरून."

मी बाल्कनीतून बघत राहिले. पहिल्या बाकाशी सक्सेनाजी दम घ्यायला बसले. आतोबाही शेजारी टेकले. जरा वेळानं दोघं उठले आणि पुढे निघाले.