कोबीच्या वाफ्यातला ॲडमिरल

हार्लेमच्या वेशीबाहेर वाळूच्या जमिनीत टायमनची बाग होती. माणूस पन्नाशीचा, काटक, साधा काळा कोट घालणारा. त्याच्या पंथाची माणसं शपथ घेत नाहीत, तलवारीला शिवत नाहीत, कोर्टाची पायरी चढत नाहीत. पण ट्यूलिपचं बारसं करायची वेळ आली की ही गरीब गाय मंडळी ॲडमिरल नि जनरलच्या खाली उतरत नाहीत! टायमनच्या फुलाचं नाव होतं ॲडमिरल टायमन. पांढरंशुभ्र, आणि बुडापासून वर चढत गेलेल्या लाल ज्वाळा.

साध्या एकरंगी फुलावर एखाद्या वसंतात असे पट्टे आपोआप उमटतात. बागवान म्हणतात, फूल फुटलं. कसं फुटतं ते देवालाच ठाऊक, पण एक गोष्ट सगळे बागवान छातीठोकपणे सांगत: त्याच ज्वाळा दोन बागांत कधी फुटत नाहीत.

म्हणून मागच्या वसंतात शेजारच्या फोपेच्या बागेत तोच ॲडमिरल उमलला तेव्हा टायमनच्या मस्तकात तिडीक गेली. दोघांमधून आधीच वीस वर्षं विस्तव जात नव्हता. त्यातच आदल्या शरद ऋतूत टायमनच्या ॲडमिरलच्या कांद्याला, म्हणजे कंदाला, फुटलेलं एक पिल्लू नाहीसं झालं होतं. तीन मोजली होती, दोनच हाती लागली.

फोपेही त्याच पंथाचा, एकमेकांना भाऊ म्हणणाऱ्यांतला. टायमनने त्याला पंथाच्या सभेपुढे उभं केलं.

"हे कांदे तूच मला दिलेस, भाऊ," फोपे म्हणाला. "माझ्या लग्नात. टोपलीभर."

"मी? तुला?" टायमन खो खो हसला. "आणि दिले असतील तर विटेसारखे लाल दिले असतील. त्यातून माझा ॲडमिरल निघाला, होय? उद्या म्हणशील, कोंबडीच्या अंड्यातून मोर निघाला!"

सभा हसली. फोपे 'मी चोरी केली नाही' एवढंच पुन्हा म्हणाला. सभेने त्याला वाळीत टाकलं. कुणी त्याच्याबरोबर जेवायचं नाही, बायकोनेसुद्धा नाही. त्याच्या बागेतला ॲडमिरल उपटून टायमनच्या हवाली केला. टायमनने तो मानाने घेतला, आपल्या वाफ्यात लावला, आणि त्या रात्री गाढ झोपला.

त्याला वर्ष झालं. यंदा एप्रिल सरता सरता तो थोरल्या बहिणीकडे, मारिटकडे गेला. ती दोन कोसांवर बांधाच्या कडेला राहायची. पिंपात खारवलेली हेरिंग मासळी होती, ती द्यायला म्हणून गेला. मारिट परसात कोबीची रोपं लावत होती. रोपांच्या मधोमध, कुणी न बोलावलेला, ॲडमिरल टायमन डुलत होता.

टायमन जागच्या जागी थिजला. पांढरं. बुडापासून लाल ज्वाळा. डाव्या पाकळीवरची ती दुभंगलेली ज्वाळासुद्धा तीच.

"हे... हे कुठून आणलंस, ताई?"

"आणलं कुठून? तूच नाही का दिलंस!" मारिट कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तू लाल वाफा काढून टाकलास तेव्हाचं. दोन टोपल्या होत्या. एक मला दिलीस, 'गुरांना घाल' म्हणालास. दुसरी फोपेच्या लग्नात नेलीस आणि वाटभर हसत होतास, की बघ, आहेर कसा फुकटात उरकला! मी तेव्हाच म्हटलं होतं, लग्नघरी असं करू नये. मी त्यातला एक परसात पुरला. दरवर्षी लालच येत होतं मेलं, यंदाच नटलंय. छान आहे ना?"

टायमनच्या पायाखालची जमीन सरकली. त्याला ती टोपली आठवली. टोपलीची तुटलेली कडी आठवली. आपलं हसणं आठवलं. म्हणजे फोपेचे नि ताईचे साधे लाल कांदेही त्याच ज्वाळांनी फुटले होते. नाहीसं झालेलं पिल्लू उंदरानेच नेलं असणार, हे इतकं साधं त्याला वर्षभर सुचलं नव्हतं.

आणि मग त्याच्या हाताने जे केलं ते पाहून तो आणखीच हादरला. हात पुढे गेला, देठ पिळून फूल तोडलं आणि कोटाच्या खिशात कोंबलं.

"अरे, काय केलंस हे?" मारिट किंचाळली. "माझं फूल तोडलंस? चोरासारखं?"

तो शब्द त्याला थोबाडीत मारल्यासारखा लागला. ज्या माणसाने आयुष्यात दुसऱ्याच्या झाडाचं पान तोडलं नव्हतं, त्याच्या खिशात चोरीचं फूल होतं. बागेत फोपेचा कांदा होता, तोही चोरीचाच. हेरिंगचं पिंप तिथेच टाकून तो तडक शहराकडे निघाला.

सभेच्या वयोवृद्ध प्रमुखापुढे त्याने चुरगळलेलं फूल ठेवलं आणि सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने फूल उचलून चुरगळलेल्या पाकळ्या सरळ केल्या. "आपण सगळे हसलो होतो," तो पुटपुटला. मग म्हणाला, "फोपे या घटकेपासून मोकळा. तुझं काय ते रविवारी सभा ठरवील. तोवर, भाऊ, तू कुणाच्या पंगतीला बसू नकोस."

टायमन निरोप घेऊन फोपेच्या घरी गेला. दुपारची जेवणं चालली होती. फोपेची बायको आल्ट्ये टेबलाशी जेवत होती. फोपे दाराजवळच्या तिपाईवर, भिंतीकडे तोंड करून, मांडीवर वाडगा घेऊन बसला होता.

टायमनने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. प्रमुख काय म्हणाला तेही सांगितलं, स्वतःबद्दलचंसुद्धा. "तुझा कांदा मी आजच आणून देतो, फोपे. मी... मी खोटा ठरलो."

आल्ट्येने उठून नवऱ्याच्या मांडीवरचा वाडगा उचलला आणि टेबलावर आपल्या वाडग्याशेजारी ठेवला. फोपे उठला खरा, पण खुर्चीशी येऊन नुसताच उभा राहिला. वर्षभराची सवय मोडेना. शेवटी तिनेच त्याला खांद्याला धरून बसवलं.

टायमन जायला वळला.

"सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही," आल्ट्ये मागून म्हणाली.

तिने तिसरा वाडगा काढला, त्यात ताकातली पेज वाढली, चमचा पुसून घातला, आणि तो दाराजवळच्या तिपाईवर नेऊन ठेवला.